डाव्या चाकातली घरघर

माझ्या पिकअपच्या पुढच्या चाकातून पहिल्यांदा आवाज आला तो धर्माबादच्या रस्त्यावर. मागे मिरचीच्या रोपांचे ट्रे होते. विष्णुपुरीच्या अलीकडे आमची रोपवाटिका आहे. नवरा रोपं तयार करतो आणि मी ती गावोगाव पोचवते. लोकांना हे उलटं वाटतं, पण त्याला गाडी चालवायचा कंटाळा आणि मला मातीत बसायचा, त्यामुळे इतक्या वर्षांत ही वाटणी कधी मोडली नाही.

आवाज सुरुवातीला बारीक होता. गाडी पन्नासच्या पुढे गेली की पुढून काहीतरी घुमल्यासारखं व्हायचं. मी काच वर केली, गाणी बंद केली, आणि सवयीनं हात मोबाईलकडे गेला. मोबाईल हातात आल्यावर आठवलं की आता लावून उपयोग नाही. मी तो परत सीटवर ठेवला.

फोन मी अण्णांना लावणार होते. अण्णा म्हणजे माझे वडील. लातुरात त्यांचं गॅरेज होतं. उभी हयात त्यांनी जीपा, ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्त केले. गाडी आत वळायच्या आधीच, रस्त्यावरच्या आवाजावरून ते तिचं दुखणं ओळखायचे. मी पिकअप घेतली तेव्हापासून गाडीत काहीही वाजलं की मी त्यांना फोन लावायची आणि मोबाईल बॉनेटजवळ धरायची. तिकडून आवाज यायचा, "जरा रेस कर. सोड. परत कर." मग थोडा वेळ ते काहीच बोलायचे नाहीत. ती शांतता मला फार आवडायची. इतक्या लांब, लातुरात, एक माणूस हातातलं काम ठेवून माझ्या गाडीला कान लावून बसलाय, हे मला त्या शांततेत कळायचं. मग उत्तर यायचं, "पट्टा ढिला झालाय. दुसरं काई न्हाई. जेवलीस का?" इस्लापूरच्या पुढे एकदा भर जंगलात गाडी बंद पडली होती, तेव्हाही त्यांनी फोनवरूनच मला सुटलेली नळी शोधायला लावली आणि ती लागेपर्यंत फोन ठेवला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी त्यांचा कान जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, सगळा जन्म लोखंडावर लोखंड आपटायच्या आवाजात काढला, कानाची नस गेली. कानाचं मशीन आणलं. अण्णांनी ते दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. "डब्यात खडे हलवल्यागत वाटायलंय," म्हणाले. फोनवर तर काहीच समजेना. "हॅलो, हॅलो. काई कळंना माय, आईजवळ देतो," एवढंच. अण्णा मला लहानपणापासून माय म्हणतात. आई पुढे सगळं सांगायची, पाऊस, शेजारपाजार, गुडघे. मी हूं हूं करत असायची आणि मागे अण्णा खोकताहेत का, खुर्ची ओढताहेत का, ते ऐकत असायची.

त्याच सुमाराला त्यांनी गॅरेज बंद केलं. वय झालं म्हणून केलं, असं मी धरून चालले होते.

धर्माबादच्या खेपेनंतर पंधरा दिवसांनी गाडीत दुसरा प्रकार सुरू झाला. लोह्याकडे टरबुजाची रोपं घेऊन जात असताना एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला तर स्टिअरिंग माझ्या हातात थडथड उडायला लागलं. पायाखाली पेडल गचके देत होतं. गाडी थांबली, म्हैस निघून गेली, पण मागचे ट्रे एकमेकांवर चढले होते. शेतकऱ्यानं ट्रे उतरवताना एकेक रोप बोटानं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, माना मोडल्या की हो ह्यांच्या." तो रागावला नाही, म्हणून मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला नवी रोपं नेऊन दिली. गाडी तीसच्या वर नेली नाही.

नांदेडात एकाला गाडी दाखवली. त्यानं ब्रेकचे पॅड बदलले. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यानं सांगितलं की पुढच्या चाकांच्या डिस्क वाकड्या झाल्यात. त्यानं त्या काढून लेथवर घासून आणल्या. थरथर दोन आठवडे थांबली आणि परत आली. घुमणं मात्र एक दिवसही थांबलं नव्हतं. तिसरा म्हणाला, टायर. नवे टायर घातले. आवाज नव्या टायरांसकट तसाच.

एके दिवशी नवरा म्हणाला, "लातूरला घेऊन जा."

"अण्णांना आता ऐकू येत नाही."

"ते मला माहीत आहे. तरी जा."

मी लगेच गेले नाही. खरं सांगायचं तर मी लातूरला जाणं टाळत होते. दिवाळीत गेले होते तेव्हा मी आणि अण्णा समोरासमोर बसून एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. काही सांगायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून सांगितलं की साधी गोष्टही भांडणासारखी वाटायची. "पोरं बरी आहेत" हे मी तीन वेळा ओरडून सांगितलं आणि चौथ्यांदा माझा आवाज चिडका झाला. तो त्यांना ऐकू आला नाही, पण माझा चेहरा त्यांना दिसला.

शेवटी रिकामी गाडी घेऊन सकाळीच निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, असा सगळा रस्ता ती घरघर सोबत होती. दुपारच्या आत घरासमोर पोचले. अण्णा अंगणात पाठमोरे बसून आईच्या शिलाई मशीनचा पट्टा बदलत होते. मी फाटकापाशी गाडी उभी केली. इंजिन चालूच होतं. ज्या माणसानं चौकातून वळणाऱ्या गाडीचा आवाज ओळखला असता, तो पाच पावलांवर पाठमोरा बसून पट्ट्याला टाके घालत होता. मी मुद्दाम एकदा रेस दिली. त्यांची मान हलली नाही. मग मी इंजिन बंद केलं, आत गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कवा आलीस?" ते म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले. आई चुलीपासून बाहेर आली.

जेवण झाल्यावर मी त्यांना गाडीपाशी नेलं. चाकाकडे बोट केलं, हातानं स्टिअरिंग थरथरल्यासारखं करून दाखवलं. त्यांनी मान फिरवली. "मी आता गाड्या बघत न्हाई. दुसऱ्याकडं दाव." बॉनेटवर रस्त्याची धूळ बसली होती. त्या धुळीत मी बोटानं लिहिलं, "तिघांना दाखवली." अण्णांनी ते वाचलं. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग चप्पल फाटकाशी काढून ठेवली आणि अनवाणी गाडीत चढून बसले.

"चल."

आम्ही औशाच्या रस्त्याला लागलो. त्यांनी एक हात समोर डॅशबोर्डवर ठेवला, दुसरा दारावर, आणि तळपाय खालच्या पत्र्यावर सपाट टेकवले. पन्नासला आवाज सुरू झाला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "टायर खाल्लाय." मी मान हलवून नाही म्हटलं. टायर नवे होते. मी पुन्हा वेग धरला. ते बराच वेळ हात इकडचा तिकडे करत राहिले, मग त्यांनी मला गाडी कडेला घ्यायची खूण केली.

"थरथरतंय तेवढं कळतंय," ते म्हणाले. "पण कुठून यायलंय, कसं यायलंय, ते हातानं कळंना. तू ऐक अन् मला सांग."

मी म्हटलं, "घूं घूं असा येतो." ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना समजलं.

"तसं न्हवं. भुंगा फिरल्यागत हाय, का जात्यावर दळण दळल्यागत?"

मला सांगता येईना. दोन महिने मी तो आवाज रोज ऐकत होते आणि तो कसा आहे ते मला माहीत नव्हतं. परत गाडी पळवली. परत कडेला घेतली, कारण बोलायचं तर त्यांना माझा चेहरा दिसायला हवा होता.

"जात्यासारखा."

"वळताना काय होतंय? उजवीकडं वळवून बघ. मग डावीकडं."

रस्ता मोकळा होता. मी गाडी हळूहळू या अंगावरून त्या अंगावर घेतली. उजवीकडे वळवलं की घरघर वाढायची, डावीकडे वळवलं की जवळजवळ विरून जायची. इतकं स्पष्ट होतं की मला माझीच लाज वाटली. थांबून सांगितलं तेव्हा अण्णांचा चेहरा बदलला.

"उजवीकडं वळताना समदा भार डाव्या चाकावर पडतो. डाव्यात हाय. आता सांग, ब्रेक मारल्यावर आवाज बदलतो का?"

पुन्हा एक फेरी झाली. "नाही बदलत. आवाज तोच राहतो. थरथर वेगळी येते."

"मग दोन दुखणी हायती," ते म्हणाले. "लोकं एकच समजून औषध द्यायलेत."

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. आम्ही तिथे बसलो. अण्णा बोलत होते आणि टपरीवरची दोन माणसं वळून बघत होती. अण्णांनी ते पाहिलं.

"मी लई मोठ्यानं बोलायलोय का?"

मी नाही म्हटलं.

"खोटं बोलू नको."

मी बोटांनी थोडंसं असं दाखवलं. ते हसले आणि आवाज खाली आणला. तो इतका खाली गेला की मलाच पुढे वाकावं लागलं. त्या आवाजात त्यांनी मला गॅरेज का बंद केलं ते सांगितलं. कान जायला लागला होता, पण कुणाला कळू दिलं नव्हतं. एका जीपचं काम केलं. चाकाचे नट आवळले, एक राहिला. जीप गॅरेजातून बाहेर पडताना तो नट खडखडत होता. समोरच्या पानवाल्याला ऐकू गेला, त्यांना गेला नाही. पानवाल्यानं हाक मारली तीही गेली नाही. तो पळत जाऊन जीपच्या पुढे उभा राहिला. जीपमध्ये बाळंतीण होती, माहेरी निघालेली.

"काई झालं न्हाई," अण्णा म्हणाले. "पण दुसऱ्या दिशी मी शटर वर केलं न्हाई."

आईला हे माहीत होतं का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. चहा निवला होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तर ते म्हणाले, "चल, ऊन हाय तवर काम करू."

घरी आल्यावर त्यांनी मागच्या खोलीतून जॅक आणि हत्यारांची पेटी काढली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं डावं चाक उचललं. चाकाला वर आणि खाली हात लावून हलवलं तर ते टकटक हललं. "आता ब्रेक दाबून धरायला कुणीतरी पायजे," म्हणाले, आणि आम्ही दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं.

आई जन्मात ड्रायव्हरच्या जागेवर बसली नव्हती. पदर खोचून, गुडघ्याला हात लावत ती चढली. "कुठलं दाबू ग?" मी तिचा पाय नेऊन मधल्या पेडलवर ठेवला. तिनं असा काही जोर लावला की तिचे ओठ आवळले गेले. अण्णांनी चाक हलवलं. आता ते हललं नाही. "सोड," ते म्हणाले. आईनं सोडलं. चाक पुन्हा हललं.

"बेअरिंग," अण्णा म्हणाले. "दुसरं काई असतं तर ब्रेक दाबून पण हललं असतं."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी कधी पाहिली नव्हती. पूर्वी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावून मूठ कानाला लावायचे. आता त्यांनी टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. मला चाक फिरवायची खूण केली. मी फिरवलं. ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गालाची शीर हलत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी मूठ सोडली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या पुढे धरली. "धर. कळंल तुला."

मी मूठ दातांत धरली. त्यांनी चाक फिरवलं. जबड्यात बारीक वाळू चावल्यासारखं करकरलं, पार कानामागच्या हाडापर्यंत. अण्णांनी भुवया उंचावून विचारलं. मी मान डोलावली.

चाक काढून त्यांनी एक ताठ तार आतल्या स्थिर भागाला बांधली आणि तिचं टोक ब्रेकच्या डिस्कच्या अगदी जवळ आणलं. डिस्क हातानं हळूहळू फिरवली. टोक आणि डिस्क यांच्यामधली फट एका जागी मिटायची, अर्धा फेरा झाला की उघडायची. हे बघायला कान लागत नव्हते. सगळं उघडल्यावर कारण दिसलं. डिस्क लेथवरून चकचकीत होऊन आली होती, पण ती ज्या लोखंडी बैठकीवर बसते तिथला गंज कुणी खरवडला नव्हता. त्या खपल्यांवर चांगली डिस्क तिरकी बसली होती. बेअरिंग ढिलं पडून चाक डुगडुगत होतं, त्यानं थरथरीत भरच पडली. बेअरिंगच्या रोलरांवर तपकिरी खड्डे पडले होते.

मी जुनं बेअरिंग कागदात गुंडाळून बाजारात गेले आणि तसंच नवं घेऊन आले. तोवर अण्णांनी काचकागदानं गंज घासून लोखंड पांढरं केलं होतं. नव्या बेअरिंगमध्ये ते तळहातानं ग्रीस भरत होते आणि भरता भरता मला सांगत होते, किती भरायचं, मधला नट आधी आवळून मग किती मागं घ्यायचा, कामून मागं घ्यायचा. डिस्क बसवल्यावर पुन्हा तारेनं पाहिलं. फट सगळीकडे सारखी होती. मग चाक चढवलं.

चाकाचे नट त्यांनी मला आवळायला लावले. एकाच्या समोरचा दुसरा, त्याच्या समोरचा तिसरा. आवळून झाल्यावर त्यांनी प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला. परत एकदा पाहिला. मग चाक जोरात फिरवलं आणि मला म्हणाले, "ऐक."

मी चाकाला कान लावून बसले. पॅड घासल्याचा हलका सूर होता, तेवढाच. मी हातानं काही नाही असं सांगितलं.

"नीट ऐक माय. काई राहिलं न्हाई ना?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात ग्रीसनं काळे होते आणि ते त्यांनी अंगापासून लांब धरले होते. मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं की चाक बरं झालंय. तरी मी चाक थांबेपर्यंत कान काढला नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं, मी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही ऐकलं. मग मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि न ओरडता, सावकाश म्हटलं, "काही राहिलं नाही अण्णा." त्यांनी मान डोलावली आणि हात धुवायला गेले. आई दारातून मला म्हणाली, "किती महिन्यांनी एवढं बोलले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासोबत चाकूरपर्यंत आले. चालवून खात्री करायची, असं त्यांचं म्हणणं. मोकळा रस्ता बघून त्यांनी तीनदा मला ब्रेक मारायला लावला. हात डॅशबोर्डवरच होता. स्टिअरिंग हललं नाही. चाकूरच्या स्टँडवर मी त्यांना म्हटलं, दोघंही नांदेडला या, रोपवाटिकेत बसा, मोकळी हवा आहे. "थंडी पडल्यावर बघू," म्हणाले आणि लातूरच्या एसटीत चढले. मी तिथून एकटी निघाले. गाडीत कसलाही आवाज नव्हता. लोह्यापर्यंत मला तो रस्ता फार लांब वाटला.

थंडी आली आणि गेली. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून दोघंही आले नाहीत. मीच महिन्यातून एकदा जाते. आम्ही दोघं औशाच्या रस्त्याला गाडी काढतो, कडेला थांबतो, आणि ते विचारतात ते मी ऐकून सांगते. गाडीतलं विचारून झालं की आसपासचे आवाज विचारतात. गिरणी अजून चालू हाय का, शाळा सुटली का.

मागच्या खेपेला घरासमोर उतरता उतरता ते दार धरून थांबले.

"तुझ्या आईचा आवाज कसा झालाय ग आता? आधीसारखाच हाय का?"

मी जरा विचार केला. त्यांना जात्यासारखा का भुंग्यासारखा, असलं उत्तर लागतं, नुसतं बरा आहे म्हणून चालत नाही.

"थोडा बसलाय," मी म्हटलं. "सकाळी जास्त. पण तुम्हाला हाक मारताना अजून तसाच असतो."

"मला हाक मारती?"

"रोज."

त्यांनी हळूच दार लावलं आणि आत गेले.